लोणझरीचं न तुटलेलं तोरण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. यवतमाळच्या गल्लीतून पोरं मारबतीचा पुतळा नाचवत, ओरडत चालली होती, "रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" त्या आरोळ्यांतून वाट काढत जेबा कोकिळाबाई गुल्हान्यांच्या दारात येऊन उभी राहिली. डोक्यावरची ओढणी तिने घट्ट धरली होती. चपलांना काळ्या मातीचे लपके होते.

"बाई, आमच्या लोणझरीतही मारबत निघाली," ती म्हणाली. "पण तिथं रोगराईचं नाव नाही घेतलं. माह्या नवऱ्याचं घेतलं."

कोकिळाबाईंनी हातातला चहा तिच्यापुढे सरकवला. "बस. आधी पी. मग सांग."

कोकिळाबाई पूर्वी नागपूरला, प्लॅस्टिकचे पाईप करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होत्या. नमुन्याला वजन टांगायचं आणि तो कधी आणि कसा हार मानतो ते बघत बसायचं, हे त्यांचं काम. पुढे नवरा गेला, त्या सासरच्या यवतमाळात आल्या आणि लोकांच्या खाजगी चौकशा करू लागल्या. त्यांचे दीर घनश्याम म्हणायचे, "वहिनीचं काम काही बदललं नाही. अजूनही वजन टांगते अन् बघत बसते." घनश्याम एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि वहिनींना राजदूतवर मागे बसवून जिल्हाभर हिंडवायचे.

जेबाने सांगितलं ते असं. बाभुळगावापासून आत असलेल्या लोणझरीत पोळ्याचे खांब रोवायचा मान तिच्या नवऱ्याच्या, रहमतच्या घराचा. रहमतचा आजा बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या करायचा. रहमत आता वेल्डिंग करतो. गावाची एक मानाची घंटा आहे. नारळाएवढी, पितळेची, चामड्याच्या पट्ट्याला घुंगरांची रांग, उचलायला दोन हात लागणारी. ती तोरणाच्या मधोमध टांगतात. मानाच्या जोडीवाल्याने तोरण तोडलं की ती त्याच्या बैलाच्या गळ्यात बांधतात, आणि मग सगळ्या जोड्या खालून जातात.

"काल बैल जमले अन् पाहतात तर घंटा नाही. उंच टांगली होती. शिडी साऱ्या गावात आमचीच. मग काय!"

"तोरण तुटलं?"

"नाही जी. घंटेबिगर कसं तुटणार? बैल तसेच परत गेले. गाव नुसतं भणभणून राह्यलं. आज दिवस बुडायच्या आत घंटा आणून दे, नाही तर दुकान उचल अन् गाव सोड, असं सांगितलं त्याले."

कोकिळाबाई उठल्या. "तोरण अजून तसंच आहे ना? मग घनश्यामभाऊ, गाडी काढा."

---

त्या सालांत पोळ्याची रया गेलीच होती. कापसाने माणसांची तोंडं उतरवली होती, आणि जिथे दारोदार जोड्या असायच्या तिथे गुरांचे कोठे ओस पडत चालले होते. तरी दोन दिवस पावसाने उघडीप दिली होती आणि भादव्याचं ऊन चटकत होतं.

लोणझरीच्या वेशीवर लोखंडी पाईपचे दोन खांब. त्यांच्यामध्ये आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण. पानं कालची, कोमेजलेली. खाली शेणाचा सडा आणि त्यावर रस्ताभर पसरलेली मोठी रांगोळी, पाकळी न् पाकळी शाबूत. फक्त एका बाजूला, दगडी भिंतीकडे, आंब्याची काही पानं रांगोळीच्या कडेला सांडली होती.

खांबाजवळ रहमत उभा होता. चाळिशीचा, हाताला ठिणग्यांचे डाग. त्याने सलाम केला.

"ताई, खुदा कसम, मी नाही घेतली."

"ते नंतर. दोर तू बांधलास?"

"मीच. तारेसारखा ताणून. बोट मारलं तर वाजे."

कोकिळाबाईंनी वर पाहिलं. दोर निळा, प्लॅस्टिकचा, करंगळीएवढा. नुसत्या पानांच्या भाराने मध्ये जरा पोट सोडून लोंबत होता. त्या खांबापाशी गेल्या. दोराच्या गाठीवर शेंदूर फासलेला होता, सुकून एकजीव झालेला. दुसऱ्या खांबाच्या गाठीवरही तसाच.

"गाठी कोणी सोडल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "हा निळा दोर दरसालचा?"

"ना. दरसाल अंबाडीचा. मोतीबाई वळते. औंदा गावचे पंजाबराव बोलले, अंबाडी सडते, हा घे, मजबूत आहे. त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा."

"घंटा कधी टांगली?"

"सकाळीच. खरं तर बैल जमायच्या टायमाले टांगतो. पण पंजाबराव बोलले, दिवसभर गावाले दिसू दे. मी शिडी लावली, दोराच्या आकड्यात अडकवली, शिडी नेऊन दुकानात कुलपात ठेवली. मग मोतीबाईनं रांगोळी घातली. त्यानंतर शिडी लावली असती तर रांगोळी मोडली नसती काय?"

घनश्यामभाऊंना एकदम सुचलं. "वहिनी, शिडी खांबाले टेकवली अन् वरून दोर ओढून घेतला, तर? रांगोळीले धक्का नाही लागत."

"दोर तारेसारखा ताणलेला होता, भाऊ. गाठ सोडल्याशिवाय तो खांबापर्यंत कसा येईल?"

घनश्यामभाऊंनी डोकं खाजवलं.

"रहमत, शिडी आण," कोकिळाबाई म्हणाल्या. "आणि घंटेच्या वजनाचं काही तरी."

"अजून एकदा?" रहमतचा चेहरा पडला. "शिडी हातात दिसली तर पोरं दगड मारतील ताई."

"मी उभी आहे ना इथे."

---

घंटेच्या वजनाचा निघाला तो मोतीबाईचा वरवंटा. मोतीबाई वेशीलगतच्या घरात राहायची. पाठीत वाकलेली, बकऱ्या पाळून असलेली म्हातारी. तोरणाचा दोर वळायचं, गाठींना शेंदूर लावायचं आणि रांगोळी घालायचं काम तिचं.

"ने बापा वरवंटा," ती म्हणाली. "औंदा दोर नाही घेतला माह्या हातचा, वरवंटा तरी घ्या. आज चटणी नाही खाल्ली तर मरत नाही मी."

मोतीबाईने मधल्या दोन पाकळ्या पुसून जागा केली, रहमतने तिथे शिडी उभी करून फडक्यात बांधलेला वरवंटा त्याच आकड्यात अडकवला, आणि तिने पाकळ्या पुन्हा भरल्या. कोकिळाबाईंनी घनश्यामभाऊंना मोतीबाईची आकडी दिली. आकडी म्हणजे बकऱ्यांसाठी बाभळीच्या फांद्या ओढायचा, टोकाला वाकडं लोखंड लावलेला लांब बांबू. घनश्यामभाऊ टाचा उंचावून पाहू लागले. टोक वरवंट्याच्या हातभर खाली राहिलं.

"पोचत नाही," ते म्हणाले.

"कालही नाही पोचली," मोतीबाई म्हणाली. "संध्याकाळी साऱ्यांनी करून पाह्यलं. पंजाबरावच बोलले, आपापल्या आकड्या आणा, पाहू कोणाची पोचते. त्यांनी सोताची आधी लावली. रिकाम्या आकड्यालेही कोणाची टेकली नाही. मग बोलले, म्हणजे शिडीच."

"दुपारी तू इथेच होतीस?"

"बकऱ्या घेऊन आली तेवढी. सारं गाव नाल्यावर होतं. बैल धुवून राह्यले, शिंगं रंगवून राह्यले. तोरणाखालून जायचं नसते न बाई मानाच्या जोडीआधी, म्हणून मी भिंतीकडून फिरली." ती हसली. "म्हातारपण वाईट. घंटा एवढी मोठी दिसली मले! मनात म्हटलं, डोळ्यात फूल पडलं का मोतिबिंदू?"

"मोतिबिंदूनं मोठं नाही दिसत, धूसर दिसते," घनश्यामभाऊ म्हणाले.

"तू डाक्टर काय रे? कंडक्टर न तू?"

कोकिळाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मोतीबाईला पुन्हा एकदा विचारलं, "मोठी दिसली, हे नक्की?"

"आता खोटं कायले बोलू?"

वरवंटा तसाच टांगून ठेवून त्या निघाल्या. घनश्यामभाऊ मागून कुजबुजले, "समजलं वहिनी. चोर पुन्हा येईल, वरवंट्याले घंटा समजून हात घालील, अन् आपण धरू!"

"भाऊ, चोराला घंटा आणि वरवंटा कळत नाही का?"

---

यंदा घंटा ज्याच्या बैलाला बांधायची होती तो धनसिंग तांड्यावर राहायचा. गावालगतचा बंजाऱ्यांचा तांडा, आणि त्यात सगळ्यात देखणी जोडी धनसिंगची. शिंगांना लाल रंग, पाठीवर आरशांची झूल. बैल बेचैन होते; काल सजवून नेलेले आणि तोरणाखालून न जाता परत आणलेले. खुरांनी माती उकरत होते.

"जनावराले समजते बाई," धनसिंग त्यांच्या मानेवर हात फिरवत म्हणाला. "काल माही याडी रडली. घरात पहिल्यांदाच मान आला होता."

"याडी म्हंजे आई," घनश्यामभाऊंनी आपलं ज्ञान दाखवलं.

"पहिल्यांदाच?"

"जोडीचा मान पंजाबरावच्या घरचा. आज्यापणज्यापासून. पण घरच्या गाईच्या पोटची जोडी पायजे, असा रिवाज आहे. त्यानं औंदा बैल विकून ट्रॅक्टर घेतला. मग गावानं मले दिला."

"पंजाबराव काही बोलले?"

"काही नाही. मले म्हणे, चांगलं झालं. हात पण मिळवला."

"दुपारी तू वेशीवर दिसलास म्हणतात."

धनसिंग लाजला. "गेलतो. दुरून पाह्यली घंटा, नाल्यावर जाता जाता. तवा वर होती, उंच. मग बैल धुवाले गेलो तो संध्याकाळीच आलो. विचारा कोणालेही."

---

पंजाबरावांचं घर म्हणजे वेशीची ती दगडी भिंत ज्याची होती ते. उंच, रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा माणूस. अंगणात लाल ट्रॅक्टर उभा होता. पंजाबरावांचा पुतण्या बंटी त्याच्या चाकावर बसून मोबाईल चाळत होता. सकाळी मारबतीपुढे सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

"या बाई. पाणी आण रे बंटी." पंजाबरावांनी खाट पुढे केली. "रहमतनं बोलावलं न तुम्हाले? वाईट वाटते. त्याचा बाप सोन्यासारखा माणूस होता."

"काल दुपारी तुम्ही कुठे होता?"

"कोठ्यात. झाडझूड करून राह्यलो होतो."

"बैल तर नाहीत ना आता?"

त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. "सवय असते बाई."

कोकिळाबाईंनी विषय बदलला. "ट्रॅक्टरने बरं झालं असेल. कापूस वाहायला."

"हो तर." पंजाबरावांचा चेहरा जरा उजळला. "आता आजूबाजूच्या चार गावांचा कापूस मीच जिनिंगवर नेतो. पार मारेगावपर्यंत. एक कटकट आहे, इथून कितीही आवळून बांधा, उन्हात अर्ध्या वाटेवर थांबून दोर पुन्हा आवळाच लागते. नाही तर गंजी कलते. बैलबंडीत अंबाडीचा दोर असे, एकदा बांधला की घरापर्यंत पाहायची गरज नाही."

"जुन्या वस्तू जुन्याच," कोकिळाबाई म्हणाल्या.

घनश्यामभाऊ सावली शोधत परसात गेले होते ते परत आले. "काय हो पंजाबराव, कोठ्यात दोन मिनिटं टेकावं म्हटलं तर भलं मोठं कुलूप!"

"भुरटे असतात," पंजाबराव म्हणाले आणि पाण्याचा तांब्या हातात घेतला. पाणी मात्र प्यायले नाहीत.

परतताना घनश्यामभाऊ कुरकुरले. "वहिनी, माह्या हिशेबानं धनसिंग. मान मिळाला, पण घंटा दरसाल परत द्यावी लागते न. म्हणून आधीच लांबवली."

"एक सांगा, भाऊ. कोठ्याला कुलूप लावलेलं तुम्ही कधी पाहिलंय?"

"बैल चोरी जातात म्हणून कोणी लावत असंल."

"आणि बैल नसताना?"

---

ऊन कलायला लागलं तसं गाव वेशीवर जमलं. आज गोंधळ नव्हता, पोळ्याची गाणी, झडत्या कोणी म्हणत नव्हतं. बायका ओट्यांवर गप्प बसल्या होत्या. सजवलेल्या जोड्या तोरणाच्या अलीकडे फुरफुरत होत्या. रहमत आणि जेबा एका खांबापाशी उभे होते, आणि त्यांच्याभोवती आपोआप मोकळी जागा झाली होती.

"दिवस बुडून राह्यला," बंटी ओरडला. "घंटा आण, नाही तर दुकानाची चावी दे!"

"आधी हे पाहा," कोकिळाबाई म्हणाल्या. "भाऊ, मोतीबाईची आकडी घ्या. सकाळी हातभर कमी पडली होती, तीच. रांगोळीवर पाय द्यायचा नाही."

घनश्यामभाऊ भिंतीच्या बाजूने कडेला उभे राहिले. आकडी वर नेली आणि थबकले. "अरे! हा वरवंटा खाली कोणी घेतला?"

"कोणीच नाही. वरवंटा टांगल्यापासून जेबा इथे बसून होती, तिच्यासोबत मोतीबाई. ओढा."

लोखंडाचं टोक फडक्यात अडकलं. त्यांनी ओढलं तसा दोर आणखी वाकला, वरवंटा झोका घेत कडेला आला आणि थेट त्यांच्या हातात. दोन-चार आंब्याची पानं रांगोळीच्या कडेवर गळली. कालची पानं जिथे पडली होती, तिथेच. रांगोळीची एक पाकळीही मोडली नव्हती.

गर्दीतून एकच आवाज उठला.

"आता वरवंटा काढून बाजूला ठेवा," कोकिळाबाई म्हणाल्या, "आणि दोराकडे बघत राहा."

भार सुटताच दोर वर उसळला. आणि मग, नीट पाहणाऱ्यालाच कळेल अशा संथपणे, आणखी वर सरकत राहिला.

"अंबाडीचा दोर तुटेल पण लांबणार नाही. हा निळा दोर मजबूत आहे, पण त्याला दिवसभर वजन दिलं, वर ऊन दिलं, की तो गुपचूप लांबत जातो. ताणलेला दोर वीतभर लांबला तरी मधला भाग कितीतरी खाली येतो. आणि भार काढला की तो मागे सरतो, बराचसा. म्हणून संध्याकाळी तुम्ही आकड्या लावल्यात तेव्हा एकही पोचली नाही. मोतीबाई, तुझे डोळे चांगले आहेत. घंटा मोठी दिसली कारण ती जवळ आली होती."

"पाह्य रे कंडक्टरा!" मोतीबाई म्हणाली.

"म्हंजे आकडी असलेला कोणीही?" धनसिंगने विचारलं.

"ज्याला आधीपासून माहीत होतं तो. अंबाडीऐवजी हा दोर कोणी दिला? घंटा दरसालपेक्षा आधी, सकाळीच टांगायला कोणी लावली? सगळं गाव बैल धूत असताना बैल नसलेला, रिकाम्या कोठ्यात झाडझूड करणारा कोण होता? आकड्यांची परीक्षा घ्या असं कोणी सुचवलं, ती फसणार हे ठाऊक असल्यासारखं?" त्यांनी निळ्या दोराकडे बोट केलं. "आणि हा दोर उन्हात सैल पडतो हे या गावात फक्त एका माणसाला माहीत असणार. बंडीवाल्यांना नाही. ज्याला मारेगावच्या वाटेवर ट्रॉली थांबवून तो पुन्हा पुन्हा आवळावा लागतो त्याला."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

"काका?" बंटी म्हणाला. त्याचा आवाज एकदम लहान झाला.

पंजाबराव पुढे आले. कमरेची किल्ली काढून त्यांनी कोकिळाबाईंच्या हातात दिली.

कोठ्याचं दार उघडलं तेव्हा आतून शेणाचा नव्हे, धुपाचा वास आला. जमीन सारवलेली होती. दोन खुंट्यांवर जुन्या झुली पांघरल्या होत्या. एका खुंट्याला मानाची घंटा बांधलेली, आणि दोन्हींपुढे पळसाच्या पानावर पुरणपोळी ठेवलेली होती. मुंग्या लागलेली.

"हिऱ्या अन् मोगऱ्या," पंजाबराव दारातूनच म्हणाले. "घरच्याच गाईचे. त्यांच्या गळ्यातली होती ती. ट्रॅक्टरले कुठं बांधू? एक पोळा फक्त. मग कुठंतरी सापडली असं करून देणार होतो, आईच्यान."

"आणि रहमतचं नाव?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"ते मी नाही ठरवलं होतं बाई. लोकं शिडी शिडी करू लागले. मी फक्त..." ते अडखळले. "मी गप्प राह्यलो."

"शिडी हा शब्द पहिला तुमच्याच तोंडून निघाला. मोतीबाईनं ऐकला आहे."

पंजाबरावांनी आत जाऊन घंटा सोडली आणि बाहेर आणली.

---

तोरण त्याच दिवशी तुटलं. निळा दोर काढून मोतीबाईने घरातला अंबाडीचा दोर दिला. रहमतने शिडी लावली, घंटा टांगली आणि खाली उतरला. धनसिंगने तोरण तोडलं, पण घंटा पंजाबरावांपुढे धरली. "तुम्ही बांधा दाजी. तुम्हाले बांधता येते." पंजाबरावांनी पट्टा आवळला. मग ते रहमतकडे वळले आणि सगळ्या गावासमोर त्यांनी हात जोडले. बंटीने मान वर केली नाही.

रहमतने ते जोडलेले हात खाली केले. "राहू द्या दाजी."

बैल धावले. घुंगरं वाजली, कोणीतरी झडती म्हटली, बायकांना हसू फुटलं. गाव मोकळं झालं. सरपंच रहमतच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "झालं गेलं नाल्याले मिळालं. पुढच्या पोळ्यालेही खांब तुहेच बरं का!"

रहमतच्या आज्याचं याला न विचारताच हो असायचं. बापाचंही. विचारायची वेळच कधी आली नव्हती.

"बघू," रहमत म्हणाला. शिडी खांद्यावर घेऊन तो जेबाबरोबर दुकानाकडे चालू लागला.

घनश्यामभाऊ काढलेला निळा दोर गुंडाळत होते. त्यांनी दोन हातांत धरून तो ताणून पाहिला. "वहिनी, आता भार नाही याच्यावर. दोन-चार दिवस ठेवला तर होईल न पहिल्यासारखा?"

कोकिळाबाई दुकानाच्या बंद होणाऱ्या शटरकडे पाहत होत्या.

"बराचसा होईल," त्या म्हणाल्या. "सगळा नाही. चला, गाडी काढा."